कॅमेरामनची प्रवेशिका : मराठी वृत्तवाहिन्यांच्या संपादकांना खुले पत्र

माननीय संपादक,



हे पत्र कुणा एका वाहिनीच्या संपादकाला नाही, मराठीतल्या सर्वच वृत्तवाहिन्यांच्या संपादकांना आहे. मागणं असं की, तुमच्याकडच्या कॅमेरामनना टीव्ही वृत्तचित्रणाच्या स्पर्धांत उतरू द्या. मग ते मुंबईच्या मुख्य कार्यालयातले असोत, की गोंदिया-सिंधुदुर्गातले स्ट्रिंगर. पण परवानगीच्या सहीवर थांबू नका. त्यांचं मूळ फुटेज त्यांच्या हाती द्या, प्रवेश शुल्क असेल तर भरा, आणि दर तीन महिन्यांनी निदान एक दिवस त्यांना आपलंच काम शांतपणे बसून पाहू द्या.

पुरस्कारांच्या घोषणा न्यूजरूममध्ये येतच नाहीत असं नाही. त्या आल्या की रिपोर्टर कामाला लागतात. कोणती स्टोरी पाठवायची, तिचा परिणाम काय झाला, मंत्र्यांनी दखल घेतली का, याची टिपणं निघतात. अँकरच्या सर्वोत्तम मुलाखतींची शोरील तयार होते. मी व्हिडिओ एडिटिंगच्या टेबलावर बरीच वर्षं काढली आहेत आणि अशा अनेक शोरील माझ्या हातून बांधल्या गेल्या आहेत. एवढ्या काळात कॅमेरा विभागातलं कुणी ‘माझी एक प्रवेशिका लावून दे’ म्हणत माझ्याकडे आल्याचं मला आठवत नाही. त्यांना हौस नाही, असं कुणी म्हणू नये. चांगला शॉट मिळाल्यावर त्यांचा चेहरा कसा उजळतो हे इन्जेस्टला कार्ड देताना मी पाहिलेलं आहे. स्पर्धा ही आपल्यासाठीही असते, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

टीव्हीच्या कॅमेरामनचं नाव कसं हरवतं याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण सायगावचं आहे. १ फेब्रुवारी १९६८ रोजी तिथल्या रस्त्यावर जनरल न्गुयेन न्गोक लोआन यांनी एका बंदिवानाच्या डोक्यात गोळी घातली. असोसिएटेड प्रेसचे एडी अॅडम्स यांनी तो क्षण टिपला, त्या छायाचित्राला १९६९चं पुलित्झर मिळालं, आणि आजही युद्धाच्या छायाचित्रांची चर्चा अॅडम्स यांच्या नावाशिवाय पुढे जात नाही. त्याच रस्त्यावर, त्याच क्षणी आणखी एक कॅमेरा चालू होता. एनबीसीसाठी काम करणारे व्हिएतनामी कॅमेरामन वो सू चित्रण करत होते. त्यांच्या फिल्ममध्ये त्या बंदिवानाला चालवत आणणं आहे, गोळी आहे, कोसळणं आहे, आणि नंतर जमिनीवर पसरणारं रक्त आहे. अमेरिकेतल्या लाखो घरांनी ते संध्याकाळच्या बातम्यांत पाहिलं. युद्धाबद्दलचं तिथलं जनमत ढवळून काढणाऱ्या दृश्यांमध्ये त्याची गणना होते. वो सू हे नाव मात्र किती पत्रकारांना ठाऊक आहे? स्थिर छायाचित्राखाली नाव छापण्याची रीत होती, त्याला स्पर्धा होत्या, प्रदर्शनं होती. हलत्या चित्रावर रिपोर्टरचा आवाज चढला आणि ते चित्र रिपोर्टरचं झालं.

आपल्याकडेही तेच झालं. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर कसाबचं छायाचित्र काढणारे ‘मुंबई मिरर’चे सेबॅस्टियन डिसूझा आपल्याला माहीत आहेत. त्यांच्या कामाची दखल वर्ल्ड प्रेस फोटोने घेतली, न्यायालयात त्यांची साक्ष झाली. हा मान त्यांनी कमावलेला होता. पण पुढचे तीन दिवस ताज, ओबेरॉय-ट्रायडंट आणि नरिमन हाऊसच्या बाहेर रस्त्यावर पोटावर पडून, भिंतीआड बसून ज्यांनी कॅमेरे चालू ठेवले, त्यांच्यापैकी एक तरी नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे का? त्या थेट प्रक्षेपणावर नंतर कडक टीका झाली. २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही वाहिन्यांना खडे बोल सुनावले आणि ते योग्यच होते. मात्र काय थेट दाखवायचं हा निर्णय कॅमेरामनचा नव्हता, तो कंट्रोल रूममध्ये होत होता. ठपका साऱ्या माध्यमावर बसला, त्यात कॅमेरामनही आले. त्याच तीन दिवसांत संयमाने, अंतर राखून, माणसांची अब्रू सांभाळून केलेलं चित्रणही असणारच. ते कुणाचं, याची नोंद कुठे आहे?

स्पर्धा ही नोंद ठेवते. प्रवेशिकेवर चित्रण करणाऱ्याचं नाव लिहावंच लागतं. एवढ्या एका कारणासाठीही मी तुम्हाला पत्र लिहिलं असतं. पण याहून मोठी कारणं आहेत.

अमेरिकेत नॅशनल प्रेस फोटोग्राफर्स असोसिएशन ही संस्था १९४६पासून आहे. वृत्तपत्रांचे छायाचित्रकार आणि टीव्हीचे कॅमेरामन दोघंही तिचे सभासद. तिच्या टीव्ही स्पर्धेत ताज्या घडामोडी, नेहमीच्या बातम्या, फीचर, क्रीडा असे गट असतात, संकलनासाठीही गट असतात. सर्वांत मोठा किताब वर्षातल्या सर्वोत्तम टीव्ही वृत्तछायाचित्रकाराचा. त्यासाठी एखादा भाग्याने मिळालेला शॉट पुरत नाही. वेगवेगळ्या प्रकारच्या बातम्यांचा संच द्यावा लागतो, म्हणजे आग लागली तेव्हा तुम्ही काय केलंत हे दिसतं आणि काहीही घडत नव्हतं तेव्हा काय केलंत हेही दिसतं. मला विशेष वाटते ती त्यांची तिमाही स्पर्धा. देशाचे विभाग पाडून दर तीन महिन्यांनी प्रवेशिका मागवायच्या, गुण जमत जायचे. वर्षाअखेरीच्या झगमगत्या सोहळ्यापेक्षा या तिमाही सवयीने तिथल्या स्थानिक वाहिन्यांच्या कॅमेरा विभागाला शिस्त लागली, असं मला वाटतं. कारण तीन महिन्यांपूर्वीचं काम अजून आठवत असतं आणि पुढच्या तीन महिन्यांत ते सुधारता येतं.

तिथला राष्ट्रीय किताब न्यूयॉर्क-लॉस एंजेलिसच्या श्रीमंत वाहिन्यांच्याच वाट्याला जातो, असंही नाही. कान्सास राज्यातलं विचिटा हे काही महानगर नव्हे. तिथल्या केक-टीव्ही या स्थानिक वाहिनीचे लॅरी हॅटेबर्ग यांनी तो दोनदा मिळवला. ते ओळखले जातात ते आपल्या भागातल्या साध्यासुध्या माणसांवरच्या छोट्या फिल्म्ससाठी. आपल्या हिंगोलीच्या, धाराशिवच्या, नंदुरबारच्या स्ट्रिंगरने ही गोष्ट जरूर ऐकायला हवी. त्याच्या तालुक्यात अशी माणसं पावलोपावली आहेत.

ब्रिटनमध्ये रॉयल टेलिव्हिजन सोसायटीच्या पत्रकारिता पुरस्कारांत कॅमेऱ्यासाठी स्वतंत्र किताब आहे. आणि रोरी पेक यांच्या नावाचे पुरस्कार तर खास फ्रीलान्सरांसाठीच आहेत. पेक हे स्वतः फ्रीलान्स कॅमेरामन. ऑक्टोबर १९९३मध्ये मॉस्कोत ओस्तान्किनो टीव्ही केंद्राबाहेरच्या गोळीबाराचं चित्रण करताना ते मारले गेले. त्यांच्या पश्चात पत्नी आणि मित्रांनी १९९५मध्ये ट्रस्ट स्थापन केला. कुठल्याच कंपनीच्या पगारपत्रकावर नसलेल्या कॅमेरामनना मदत करायची आणि त्यांचं काम जगापुढे आणायचं, हा त्याचा हेतू. या पुरस्कारांना देशाची अट नाही. आपले बहुसंख्य स्ट्रिंगर व्याख्येनेच फ्रीलान्सर आहेत, पण अशी दारं उघडी असल्याचं त्यांच्यापर्यंत पोचवणारं कुणी नाही.

आता थोडं सविस्तर लिहिते, कारण प्रवेशिका तयार करताना कॅमेरामनच्या डोक्यात जे घडतं, ते मला या पत्रात सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

रोजच्या धबडग्यात कॅमेरामन आपलं काम पाहतच नाही. सकाळी असाइनमेंट, तिथे बाइट, बाइट झाली की बॅकपॅकवरून फीड, लगेच दुसरीकडे धाव. रात्री घरी पोचेपर्यंत त्याचं चित्रण प्रसारित होऊन, कापलं जाऊन, विरूनही गेलेलं असतं. प्रवेशिकेसाठी निवड करायला बसलं की पहिल्यांदाच तो ते प्रेक्षक होऊन बघतो. माझा आग्रह असा की त्याने ते आधी आवाज बंद करून बघावं. आवाज बंद केला की लगेच कळतं, गोष्ट चित्रांतून पुढे सरकते आहे की नाही. वाइडवरून मिडवर, मिडवरून क्लोजवर येताना काही नवं सांगितलं जातंय का? एक क्रिया सुरू झाली ती पूर्ण होताना दिसली का? शॉट हातात स्थिरावण्याआधीच पॅन सुरू केला का? मग चित्र झाकून नुसता आवाज ऐकावा. चित्रणाच्या जागेचा आवाज मिळालाय, की फक्त बूमवर आलेली नेत्याची वाक्यं आहेत? अमेरिकी वृत्तचित्रकारांमध्ये रिपोर्टरच्या निवेदनाचा एकही शब्द न वापरता, केवळ तिथल्या आवाजांवर आणि माणसांच्या बोलण्यावर संपूर्ण बातमी उभी करण्याची परंपरा आहे. आपल्याकडे बाजार समितीतला लिलाव, एसटी डेपोतली पहाट, पोळ्याच्या दिवशी बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा नाद, पंढरीच्या वाटेवरचा टाळमृदंग अशा आवाजांची इतकी श्रीमंती आहे की या परंपरेने खरं तर महाराष्ट्रातच घर करायला हवं होतं. आपण त्या आवाजांवर लायब्ररीतलं संगीत टाकतो.

मार्च २०१८मधला शेतकऱ्यांचा लाँग मार्च आठवा. नाशिकहून निघालेले हजारो शेतकरी, त्यांत मोठ्या संख्येने आदिवासी स्त्री-पुरुष, सुमारे १८० किलोमीटर चालत मुंबईत आले. दहावीची परीक्षा होती म्हणून मुलांची अडचण होऊ नये यासाठी शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीतून चालून संपवला. त्या मोर्चाच्या मागण्या काय होत्या हे अनेकांना आज सांगता येणार नाही, पण सोललेले, फोड आलेले ते तळपाय सगळ्यांना आठवतात. मुंबईकर पाणी, खाणं आणि चपला घेऊन रस्त्यावर आले त्यामागे त्या तळपायांचा मोठा वाटा होता. आता विचार करा, ते दृश्य मिळवायला कॅमेरामनला काय करावं लागलं असेल. सगळे बूम नेत्यांच्या तोंडासमोर होते. बाइट चुकली तर डेस्कवरून फोन येणार, हे ठाऊक होतं. तरी कुणी तरी त्या गर्दीतून बाहेर आलं, रस्त्याच्या कडेला टेकलेल्या एका बाईजवळ गुडघ्यावर बसलं आणि लेन्स जमिनीच्या पातळीवर नेली. हा संपादकीय निर्णय होता. तो कॅमेरामनने घेतला, कुठल्याही संपादकाला न विचारता. अशा निर्णयाला दाद द्यायची सोय आपल्या न्यूजरूममध्ये नाही. परीक्षकांसमोर ती चित्रफीत गेली तर पहिला प्रश्न हाच निघेल की इथे कॅमेरा कुणी आणि का ठेवला.

आता तुम्हाला थेट लागू होणारी गोष्ट.

वृत्तचित्रणाच्या अशा स्पर्धांचा पाया असतो प्रत्यक्ष प्रसारित झालेलं काम. स्पर्धेसाठी म्हणून मागाहून नटवलेलं चालत नाही. आपल्या वाहिन्यांची गोची इथे होते. कॅमेरामनने दहा सेकंद श्वास रोखून धरलेला शॉट प्रसारणात दीड सेकंदाचा होतो. त्यावर लाल वर्तुळ येतं, बाण येतो. खाली दोन ओळींची पट्टी, वर वाहिनीचं नाव, बाजूला सहा चौकटींत सहा पाहुणे, आणि उरलेल्या तळहाताएवढ्या जागेत तेच दृश्य पुन्हा पुन्हा फिरत राहतं. पुराचं पाणी एका गल्लीत शिरताना आपण तासाभरात चाळीसदा पाहतो आणि शेवटी ती गल्ली कुठल्या गावातली हेही लक्षात राहत नाही. उद्या तुमच्या कॅमेरामनने ‘प्रसारित झालेलं पाठवा’ हा नियम वाचला आणि तो फाइल शोधायला बसला, तर त्याला पाठवण्याजोगं काही सापडणार नाही. चित्रण उत्तम असेल, पण ते निर्विघ्नपणे प्रेक्षकांपर्यंत कधी गेलेलंच नसेल. म्हणून मी ही विनंती कॅमेरा विभागाच्या प्रमुखांना न करता संपादकांना करते आहे. प्रवेशिका कॅमेरामनच्या नावाने जाते, पण परीक्षा तुमच्या बुलेटिनची होते.

मोहम्मद अमीन यांचं उदाहरण मी नव्या एडिटर मुलामुलींना नेहमी देते. पंजाबी मुळांच्या कुटुंबातला, नैरोबीत जन्मलेला हा कॅमेरामन ऑक्टोबर १९८४मध्ये बीबीसीच्या मायकेल ब्युर्क यांच्यासोबत इथिओपियातल्या कोरेमला पोचला. दुष्काळाने मरणाऱ्या हजारो माणसांचं त्याने जे चित्रण केलं, ते २३ ऑक्टोबरला बीबीसीने दाखवलं आणि जगभर मदतीचा ओघ सुरू झाला. पुढच्या वर्षीच्या लाइव्ह एड मैफलींचं मूळही त्यातच. ब्युर्क यांचे शब्द मोजके आणि नेमके होते. पण ती बातमी पुन्हा बघा. शब्द थांबतात, कॅमेरा थांबत नाही, आणि बीबीसीच्या संपादकांनी त्या शांततेत ढवळाढवळ केली नाही. नेहमीच्या बातमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ त्यांनी त्या दृश्यांना दिला. अमीन यांची नजर जगाला दिसली ती या संपादकीय धीरामुळे. पुढे १९९१मध्ये अदिस अबाबात दारूगोळ्याच्या साठ्याच्या स्फोटात त्यांचा हात गेला, तरी ते पुन्हा कामाला लागले. १९९६मध्ये अपहरण झालेलं इथिओपियन एअरलाइन्सचं विमान कोमोरोसजवळ समुद्रात कोसळलं, त्यात त्यांचा अंत झाला.

तुम्हाला अख्खं बुलेटिन बदला असं मी म्हणत नाही. टीआरपीचं गणित तुमच्या डोक्यावर कसं टांगलेलं असतं हे त्याच इमारतीत काम करून मला माहीत आहे. दिवसाला दोन मिनिटं मागते. एका बातमीची दोन मिनिटं, जिच्यावर पट्टी नाही, वर्तुळ नाही, संगीत नाही, आणि सुरुवातीला चित्रण करणाऱ्याचं नाव आहे. वर्षाअखेरीस तुमच्याकडे प्रवेशिकांचा ढीग असेल.

दुसरी अडचण मूळ फुटेजची. सर्व्हरवर जागा नाही म्हणून काही दिवसांत रशेस पुसल्या जातात. ऑगस्ट २०१९च्या सांगली-कोल्हापूरच्या महापुरात माझ्या ओळखीच्या एका कॅमेरामनने होडीतून फिरून चित्रण केलं होतं. पाण्याने वेढलेल्या घराच्या माडीवरून एक आजी आधी आपली शेळी खाली देते आणि मग स्वतः उतरते, असा सलग, न तुटलेला शॉट त्यात होता. पुढे त्याने ते फुटेज मागितलं तेव्हा ते उरलेलं नव्हतं. उरलं होतं ते पॅकेज, त्यात आजीचे तीन सेकंद आणि त्यावर चिकटवलेला ‘महापुराचा थरार’. कोणती वाहिनी हे सांगत नाही. तुम्हा सगळ्यांकडची व्यवस्था थोड्याफार फरकाने अशीच आहे.

मूळ फुटेज जपण्याचं महत्त्व मारियुपोलने अलीकडेच दाखवून दिलं. २०२२मध्ये वेढ्यात सापडलेल्या त्या युक्रेनी शहरात असोसिएटेड प्रेसचे म्स्तिस्लाव चेर्नोव यांनी सुमारे तीस तासांचं चित्रण केलं. नेटवर्क मिळेल तिथून तुकड्या-तुकड्यांनी जेवढं पाठवता आलं तेवढंच तेव्हा बातम्यांत गेलं. बाकीचं त्यांनी शहराबाहेर सुखरूप आणलं. त्यातून ‘ट्वेंटी डेज इन मारियुपोल’ हा माहितीपट झाला आणि २०२४मध्ये त्याला ऑस्कर मिळालं. बातमीपुरतं वापरून उरलेलं कुणी पुसून टाकलं असतं, तर त्या शहराचा दृश्य पुरावाच गेला असता. माळीणची दरड, लातूरचं रेल्वेने आलेलं पाणी, करोनाकाळात पायी गावाकडे निघालेली माणसं यांचं आपल्याकडचं मूळ चित्रण किती शिल्लक आहे, याची एकदा चौकशी करा. सगळं ठेवणं शक्य नाही हे मान्य. पण काय ठेवायचं हे कुणी तरी निवडायला हवं आणि प्रवेशिकेच्या निमित्ताने ती निवड आपोआप होते. ज्याने चित्रण केलं तोच सांगतो की यातलं हे जपा.

स्पर्धेचं एक भय माझ्या मनातही आहे आणि ते लपवत नाही. बक्षिसाच्या मोहाने कुणी दृश्य घडवून आणेल. ‘ताई, परत एकदा त्या फोटोकडे बघून रडा’ हे वाक्य मी रशेसमध्ये ऐकलेलं आहे, आणि तेव्हा कुठलीही स्पर्धा नव्हती, फक्त डेडलाइन होती. अमेरिकेतल्या त्या प्रेस फोटोग्राफर्स असोसिएशनच्या आचारसंहितेत घटनेत आपण ढवळाढवळ करू नये, प्रसंग रचू नये, दुःखात असलेल्यांशी करुणेने वागावं, असं स्वच्छ लिहिलेलं आहे. स्पर्धेत त्याच कसोट्या लागतात. परीक्षक सगळे धंद्यातलेच असल्याने रचलेला शॉट त्यांच्या नजरेतून सुटणं अवघड असतं. इर्शाळवाडीवर दरड कोसळल्यावर पायथ्याशी नातेवाईकांची वाट पाहणाऱ्या बाईच्या नाकासमोर माइक धरायचा, की दहा पावलं मागे राहून तिला तिच्या जागी राहू द्यायचं, या निवडीला जिथे गुण मिळतात अशी जागा मला तरी दुसरी ठाऊक नाही. टीआरपीत त्या दहा पावलांना किंमत नाही.

स्पर्धेचं दुसरं भय जिवाच्या धोक्याचं. ३० ऑक्टोबर २०१८ रोजी छत्तीसगडच्या दंतेवाडा जिल्ह्यात माओवाद्यांच्या हल्ल्यात दूरदर्शनचे कॅमेरामन अच्युतानंद साहू मारले गेले. काही पोलीसही त्यात गेले. साहू निवडणुकीच्या वार्तांकनासाठी गेले होते. सीमेपलीकडच्या गडचिरोलीत आपले स्ट्रिंगर याच परिस्थितीत दुचाकीवरून फिरतात, बहुतेकांच्या अंगावर हेल्मेटपलीकडे संरक्षण नाही, विमा नाही. कुणाही परीक्षकाने जिवावर उदार होण्याला गुण देऊ नयेत आणि कुणाही संपादकाने प्रवेशिकेच्या नावाखाली कुणाला आगीत ढकलू नये. तुम्ही प्रवेश शुल्क भरणार असाल, तर आधी विम्याचा हप्ता भरा. हा क्रम बदलू नका.

राज्य शासनाच्या पत्रकारिता पुरस्कारांत वृत्तपत्र छायाचित्रकारासाठी तोलाराम कुकरेजा यांच्या नावाचा आणि दूरचित्रवाणीसाठी पु. ल. देशपांडे यांच्या नावाचा पुरस्कार आहे. टीव्हीचा कॅमेरामन या दोहोंच्या मधल्या फटीत उभा असतो. पहिल्यासाठी तो वृत्तपत्राचा नाही आणि दुसऱ्यासाठी बहुधा रिपोर्टरचं किंवा कार्यक्रमाचं नाव पुढे केलं जातं. माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाकडे टीव्ही वृत्तचित्रणाच्या स्वतंत्र पुरस्काराची मागणी तुम्ही सर्वांनी मिळून केलीत, तर ती नाकारणं त्यांना जड जाईल. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. पन्नासहून अधिक वर्षं मराठी बातमी पडद्यावर दिसते आहे. सोळा मिलिमीटरच्या फिल्मपासून मोबाइलपर्यंत ती दाखवणारे हात बदलत गेले. त्या हातांच्या नावाचा एखादा पुरस्कार एवढ्या काळात व्हायला हरकत नव्हती.

स्ट्रिंगरबद्दल एक शेवटची विनंती. स्टोरीमागे मिळणाऱ्या मानधनात त्याचं पेट्रोल, डेटा आणि कॅमेऱ्याची दुरुस्ती सगळं येतं. त्याने पाठवलेलं फुटेज वाहिनीच्या मालकीचं होतं, आणि तेच त्याला स्वतःच्या नावाने कुठे पाठवायचं असेल तर कुणाला विचारायचं हेही त्याला कळत नाही. एका पानाचं पत्र काढा: प्रसारित झालेलं आपलं चित्रण स्पर्धेसाठी वापरायला चित्रण करणाऱ्याला वाहिनीची कायमची परवानगी आहे. त्यावर तुमची सही असू द्या आणि ते प्रत्येक जिल्ह्यात जाऊ द्या. कॅमेरा विभागात आता थोड्या का होईना पण मुली येऊ लागल्या आहेत. त्यांच्या हातीही ते पडू द्या, कारण गर्दीच्या कोंडाळ्यात त्यांना कोपराने मागे सारलं जातं आणि म्हणूनच त्या अनेकदा वेगळ्या बाजूने चित्रण करून आणतात.

माझ्याकडून एवढं करू शकते. तुमच्यापैकी ज्यांच्याकडे प्रवेशिकेसाठी एडिटर मोकळा नसेल, त्यांच्या कॅमेरामनसोबत निवड करायला मी बसेन. पैसे नकोत. वर्षभराच्या फाइल्स आणि त्यांच्या तारखा तेवढ्या आणायला सांगा, आणि शक्य असेल तर या पावसाळ्याच्या रशेस तोवर पुसू नका.

आपली,
एक व्हिडिओ एडिटर